चरकाचं चाक

लढाईच्या त्या दिवसांत खिळासुद्धा जपून ठेवावा लागे. अशात ऐन गुऱ्हाळात आमच्या चरकाच्या दातेरी चाकाचे दात तुटले. तोडलेला ऊस पडल्या जागी वाळू लागला. घरधनी परभणीला जाऊन आले. दुकानदारानं चाकाची जी किंमत सांगितली, तेवढ्यात चांगला बैल आला असता.

"लोखंड समदं लढाईवर चाललंय," तो म्हणाला होता. "उद्या ह्या भावात बी मिळायचं न्हाई."

मग कुणीतरी झरीच्या पलीकडचं एक गाव सांगितलं. प्लेगानं ते गाव उठलं होतं, माणसं रानात खोपटी घालून राहत होती. तिथल्या एकाचा चरक तसाच पडून होता. आम्ही दोघं गाडी जुंपून त्याच्या खोपटाशी गेलो. बायको प्लेगात गेल्यापासून तो एकटाच होता.

"चाक काढून आना, किंमत मागून बघू," तो म्हणाला. "मी काय गावात येत न्हाई."

भर दुपारी आम्ही गावात शिरलो. दारं सताड उघडी. एका अंगणात वाळत घातलेलं लुगडं उन्हानं विटून गेलेलं. कुत्रं नाही, कावळा नाही. आमच्याच बैलांच्या घुंगरांचा आवाज भिंतींवरून परत यायचा. घरधन्यांनी खाली उतरून घुंगरमाळा सोडून ठेवल्या.

चरक गावाखालच्या रानात होता. घरधन्यांनी हात लावला आणि ते थबकले.

"ओलं हाय."

ऊस पिळणाऱ्या लोखंडी लाटांवरून रस ओघळत होता. ताजा, मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या. आसपास उसाचं एक कांडं नव्हतं. चरकाभोवतीच्या गोल वाटेवर खुराची एकही खूण नव्हती. होती ती बाईची अनवाणी पावलं, लहान, ओझं ओढताना रुततात तशी बोटांशी खोल रुतलेली. त्या वाटेतून बाहेर पडणारं पाऊल मला दिसलं नाही.

"बघू नको," म्हणत घरधनी चाक सोडवायला बसले. मधेच चरकाची दांडी जराशी सरकली. वारं नव्हतं.

परतल्यावर त्या माणसानं विचारलं, "कुनी दिसलं का?"

"न्हाई," घरधनी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला.

"पावलं दिसली," मी म्हटलं.

"लहान व्हती?"

"व्हय."

तो खाली बसला. "ह्या चाकापायी मी एक बैल इकला. एकट्या बैलाला चरक ओढंना, तवा जोडीला ती लागली. काखंत गाठ आली त्या दिशी बी ओढत व्हती."

घरधन्यांनी पुढं केलेले पैसे त्यानं घेतले नाहीत. "न्या. चाकच नसलं म्हंजी ती बसंल तरी जरा."

आमचा ऊस निघाला. गूळ पिवळाधमक उतरला. पहिली ढेप त्याला द्यायला आम्ही गेलो, तर खोपट मोकळं. शेजारचे म्हणाले, तो गावात राहायला गेलाय, एकटाच. घरधन्यांनी ढेप वेशीत ठेवली आणि हाक न मारता गाडी वळवली.