गज्याच्या वजनाची गाडी

बडनेऱ्याच्या जुन्या रस्त्यावर जुबेरचं कमानपाट्याचं दुकान आहे. ट्रकच्या चाकांवर पोलादी पाट्यांची जी चळत असते ती कमान. तिचा पाटा मोडला की जुबेर नवा बसवतो, वाकला असेल तर तापवून, ठोकून पुन्हा वळणावर आणतो. दुकान त्याच्या वडिलांनी, अब्दुल गफ्फार यांनी टाकलं आणि जाताना हातोड्यासोबत आपला स्वभावही पोराच्या गळ्यात मारून गेले. माणसाच्या बोलण्यावर जायचं नाही, लोखंडाला विचारायचं. "माल जास्त भरलाच नव्हता" असं ड्रायव्हर पोराबाळांची शपथ घेऊन सांगतो आणि जुबेर पाट्याकडे नजर टाकून म्हणतो, "खोटं बोलाचं होतं तं दुसऱ्या दुकानात जाचं." अशा माणसाने आयुष्यात एकदाच लोखंडाला खोटं बोलायला लावलं, आणि तेही जिवाभावाच्या मित्रासाठी.

मित्राचं नाव गजेंद्र, म्हणजे गज्या. चांदूर बाजारजवळ त्याची संत्र्याची बाग होती. दोघं अमरावतीच्या आयटीआयला एका बाकावर बसत, म्हणजे बाकावर गज्या बसे आणि उरलेल्या जागेत जुबेर. ऑटोत गज्या मागे बसला की ऑटोवाल्याला पुढच्या चाकाची काळजी लागायची. चिडवलं तरी पठ्ठ्या चिडत नसे. पोटावरून हात फिरवत म्हणायचा, "घरचं हाय, कोनाकडून उसनं नाई आणलं."

चाळिशी उलटली, पण गज्याचा गाड्यांचा नाद काही सुटला नाही. कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या, खड्ड्याधोंड्यांतून उड्या मारत जाणाऱ्या चार चाकांच्या उघड्या गाड्या त्याने अमरावतीत पाहिल्या आणि थेट दुकानात येऊन बसला.

"जुबेर, आपूनबी एक बनवू. बागेतून, नाल्यातून, धुऱ्यावरून पयाली पाहिजे."

"तुले घेऊन पयन असं इंजिन अजून कोनी बनवलं नाई," जुबेर म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी दुकानाच्या फरशीवर खडूने चाकं आखायला बसला.

इंजिन जुन्या ऑटोचं, सांगाडा पाइपांचा, शॉकअप मोटरसायकलचे. ते सगळं जमलं. डोकं खाल्लं ते पुढच्या चाकांनी. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, नाहीतर टायर घासत, ओरडत जातं. त्यासाठी चाक वळवणाऱ्या दांड्या किती तिरप्या ठेवायच्या ते जुबेरने पुढच्या चाकापासून मागच्या चाकांच्या आसाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणून ठरवलं. चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन थोडी मागे कलती केली, सायकलच्या पुढच्या चाकाचा चिमटा असतो तशी, म्हणजे हात सैल सोडला तरी गाडी आपली आपण सरळ व्हावी. एवढं करूनही धोंड्यावरून चाक वर उचललं की ते स्टेअरिंगला न विचारता भलतीकडे तोंड करायचं. चाकाला धरून ठेवणारा आर्म एका झोक्याने वर जाई आणि टायरॉड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारी दांडी, दुसऱ्याच झोक्याने. दोघांचा झोका जुळायला टायरॉड जिथे हवा होता, तिथे नेमक्या गज्याच्या मांड्या येत.

शेवटी जुबेरने हात टेकले. "बस सीटवर," तो म्हणाला. गज्या बसला, गाडी दबली. ज्या उंचीवर ती थांबली, त्या उंचीवर जुबेरने चाकं सरळ केली, नट आवळले आणि नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

"हे रेघ हलू द्याची नाई. गाडी तुह्या वजनावर बांदली हाय. तू बारीक झाला तं हे वर उचलन, चाकं फाकतीन आन् गाडी दारू पिल्यावानी चालन."

"मी कायले बारीक होतो बे?" गज्या म्हणाला, आणि दोघंही पोट धरधरून हसले.

तो उन्हाळा गज्याचा होता. कोरड्या नाल्यातून तो गाडी अशी पळवायचा की धूळ खाली बसायच्या आत दुसरी चक्कर व्हायची. त्याची बायको प्राजक्ता धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून ओरडायची, "पोरायले लाजवता तुमी!" दर जुम्म्याला दुकान बंद असलं की जुबेर दुपारून मोटरसायकलवर बागेत यायचा. गाडी धोंड्यांवरून सुतासारखी सरळ जाताना बघत बसायचा आणि मनातल्या मनात फुगायचा. स्वतःच्या निकाहातही तो इतका खूश दिसला नव्हता, असं त्याची बायको रुबीना म्हणे.

पावसाळ्यात गज्याच्या गालात आतून जखम झाली. सुपारी-तंबाखूचा खर्रा त्याच्या तोंडात कायमच असायचा, त्यामुळे असेल काहीतरी म्हणून त्याने ती अंगावर काढली. प्राजक्ताचं माहेर अकोल्याचं. दिवाळीला गेले तेव्हा तिच्या भावाने जबरदस्तीने दवाखान्यात नेलं, आणि त्याच आठवड्यात गज्याच्या जबड्याची एक बाजू कापून काढावी लागली. यापुढे किरणांचे शेक घ्यावे लागतील, एकही चुकवायचा नाही, चुकवला नाही तर आशा आहे, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

गज्या परत आल्यावर जुबेर बागेत भेटायला गेला, तेव्हा गज्याच्या चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळलेला होता. खाणं म्हणजे पातळ पेज. बोलणं अडखळतं, दोन-तीन शब्दांचं. जुबेरला त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात गज्याच म्हणाला, "गाडी काढ."

गाडी नाल्यात उतरली आणि डुलायला लागली. गज्या स्टेअरिंगशी झगडत होता आणि जुबेरला काठावरून सगळं दिसत होतं. गाडी वर उचलली होती, पुढची चाकं फाकली होती. गज्याने गाडी थांबवली. दुपट्ट्यातून फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत शाळेतून काढून टाकलेल्या पोराचं भेव होतं.

"पिन ढिली झाली असन," जुबेर पटकन म्हणून गेला. "करतो मी."

पुढच्या जुम्म्याला तो पिशवीत मोडक्या कमानीच्या पाट्याचे तुकडे घेऊन आला. गज्याची पाठ वळल्यावर सीटखालच्या पेटीत ठेवून तारेने आवळले. गाडी दबली, चाकं जागेवर आली. गज्याने चक्कर मारली आणि चेहऱ्याच्या उरलेल्या अर्ध्या बाजूने हसला. जुबेरला वाटलं, आपण याला चार घास जेवू घातले. त्या दिवशी तो घरी गेला तो शीळ घालत.

मग ते चालूच राहिलं. गज्या उतरत गेला तसा जुबेर एकेक पाटा वाढवत गेला. याला खोटं म्हणायचं, असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. जे लोखंड दुसऱ्याला बोलतं करायचं, ते आपल्याशी काय बोलतंय हे त्याने ऐकलंच नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी प्राजक्ता दुकानात आली. अकोल्याला डॉक्टरांना भेटून रेल्वेने परतताना बडनेऱ्याला उतरून ती एकटीच आली होती.

"जुबेरभाऊ, तुमीच सांगा त्यायले. अर्धे शेक घेतले आन् सोडून देल्ले. डॉक्टर बोलावून राहिले, तं जात नाईत. काट्यावरबी उभे राहत नाईत."

"काहून?"

"म्हनतात, मी बरा हून राहिलो. वजन उतरलं असतं तं जुबेरची गाडी वाकडी चालली असती, थे खोटं बोलत नाई." तिने पदराने डोळे पुसले. "मले तं रोज उतरताना दिसतात, भाऊ. पन माह्यं कोन आयकते?"

जुबेरच्या डोळ्यांपुढे सीटखालची पेटी आली. त्याला तिथेच सगळं सांगून टाकायचं होतं, पण त्याने नुसता हातातला हातोडा खाली ठेवला. "उद्या येतो, वैनी," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा गज्या मोटार चालू करायला विहिरीकडे गेला होता. जुबेरने पेटी उघडून सगळे पाटे काढले आणि कडब्याच्या गंजीमागे ठेवले. बोलायची हिंमत नव्हती, म्हणून गाडीलाच बोलू द्यावं असं त्याने ठरवलं होतं. हेही भेकडपणाचंच होतं, आणि ते त्याला कळत होतं.

गज्या आला, बसला, निघाला. धुऱ्यावरून गाडी भेलकांडत गेली, बाभळीपर्यंतही पोचली नाही. तो तशीच ती परत घेऊन आला.

"पिन ढिली झाली," तो म्हणाला. "पाह्य बरं."

"पिन ढिली नाई, गज्या."

गज्या वाकला. अंगठ्याने नटावरचा चिखल पुसला. पांढरी रेघ होती तिथेच होती, जराही हललेली नाही.

जुबेरने गंजीमागून पाटे आणून त्याच्यासमोर ठेवले. गज्या खाली बसला आणि एकेक पाटा मांडीवर घ्यायला लागला. शेवटचा त्याला उचलेना. त्याने जुबेरकडे पाहिलं, तेव्हा जुबेरने तोही उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"इतका गेलो मी?"

"हो."

"कवापासून?"

"दवाखान्यातून आला, तवापासून." जुबेरला रडू आवरेना. "शिवी तं दे बे. एखादी तरी दे."

गज्याने शिवी दिली नाही. एकेक पाटा त्याने मांडीवरून खाली सरकवला. मग म्हणाला, "चाल. अकोल्याले." आणि फाटकाशी थांबून, एकेक शब्द जुळवत, "प्राजूले सांगू नको. तुह्यं तोंड पाहनार नाई थे."

अकोल्याला डॉक्टर चिडले. मधल्या दिवसांत दुखणं मानेत उतरलं होतं. उरलेले शेक दिले, पण आता आशा नाही, हे ते देताना त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. गज्याने उन्हाळा काढला. पोळ्याच्या आधी गेला.

तेरवी झाली आणि प्राजक्ताने जुबेरला बोलावून घेतलं. "गाडी घेऊन जा, भाऊ. मले पाहवत नाई." टेम्पोच्या मागे गाडी बांधत असताना ती जवळ येऊन उभी राहिली. "एक सांगू? इतक्या दुखन्यात थे कवा हसले असतीन तं या गाडीवर. तुमी होता म्हनून थे दिवस निंगाले. तुमचे उपकार हायेत."

जुबेरने बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मग स्टेअरिंग धरायला सीटवर चढून बसला. तो मुळात किडकिडीत. टेम्पो निघाला आणि गाडी बागेच्या वाटेवर कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला ओढायला लागली. त्याने दोन्ही हातांनी धरली तरी ऐकेना.

"अशी काहून चालते, भाऊ?" प्राजक्ताने फाटकातून विचारलं.

"पिन ढिली झाली, वैनी," जुबेर म्हणाला.