मिठाचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मोठं काही असतं तर एव्हाना सांगून मोकळा झालो असतो — खुनाची गोष्ट लोक निदान कान देऊन ऐकतात. पण वास येतो म्हणून एका माणसाने कॅन बेसिनमध्ये ओतला, हे कोण ऐकणार? तुम्ही ऐका.

नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होतो. एम.एस्सी. — आणि ते येता-जाता सगळ्यांना ऐकवणारा. आम्ही तेलविहिरींसाठी जेल बनवायचो. विहीर जुनी झाली की तेलापेक्षा पाणीच जास्त ओकते. मग पाण्यात पॉलिमरची पावडर कालवून ते पातळ द्रावण विहिरीत खोल सोडायचं. खडकाच्या फटींत शिरून ते घट्ट बसतं आणि पाण्याची वाट बुजते. मालकांना केसांना लावायच्या जेलपलीकडे काही कळत नव्हतं. मी त्यांना मनातल्या मनात हसायचो. मी हसायचो!

पथ्य एकच होतं. विहिरीवर हे सगळं तिथल्याच पाण्यात कालवतात, म्हणून आधी त्याच पाण्यात चाचणी करायची. गुजरातेतून पाण्याचा कॅन आला. झाकण उघडलं — सडक्या अंड्यांचा वास, वर तेलाचा तवंग. माझा शर्ट नवा होता. हो, एवढंच कारण. कॅन बेसिनमध्ये रिकामा केला, नळाचं पाणी घेतलं, कँटीनमधून मीठ आणून घातलं. खारट ते खारट, काय फरक पडतो?

पडतो. आणि मला ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे? त्या पाण्यात मिठाशिवाय दुसरेही क्षार असतात आणि त्यांनी पॉलिमर दुधासारखं फाटू शकतं. यावर मी परीक्षेत मार्क मिळवले होते.

बाटलीत जेल सुरेख बसलं. माझी कृती घेऊन विहिरीवर मधुकर गेला. चांदवडकडचा, माझ्या हाताखालचा, नुकतंच लग्न ठरलेला. प्रत्येक वाक्यात 'सर, सर' करायचा, म्हणून मला तो बावळट वाटायचा. त्याने द्रावण कालवलं, सोडलं. काही दिवसांनी विहीर उघडली, तर पाणी पहिल्यासारखंच धो धो.

मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मधुकरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "साहेब, सरांनी लिहून दिलं तस्संच केलं म्या. कायबी बदललं नाय."

आणि मी? मी लॅबमधून माझी बाटली आणली आणि सगळ्यांसमोर उलटी धरली. जेल तसूभर हललं नाही. "इथे बसलंय," मी म्हणालो, "तिथे का बसू नये? पावडर घाईने टाकली असेल याने. गाठी राहिल्या असतील." मधुकर त्या बाटलीकडे बघतच राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "झालीबी असंल घाई, साहेब."

त्याची नोकरी गेली. पुढे लग्नही मोडल्याचं कानावर आलं. माझी झोप उडाली वगैरे — नाही हो. मी घोरत पडलो होतो. पगारवाढही घेतली.

बऱ्याच वर्षांनी पंचवटीत एका पाइप-फिटिंगच्या दुकानातून हाक आली, "सर!" मधुकरच. त्याने ओढून आत नेलं, चहा मागवला, बायकोला बोलावलं. "हेच माझे सर. माझ्या घाईपायी लय नुकसान झालं तवा कंपनीचं. मला अजून वाईट वाटतं बघा."

बोलायला जागा होती. त्या दुकानात आम्ही तिघेच होतो. मी चहा संपवला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे, मधुकर. मी केव्हाच विसरलो ते."

म्हणजे मी त्याला माफ केलं. आणि तो माझ्या पाया पडला.