पेवावरची म्हैस

दमट ज्वारीचा आंबूस वास आला, की मला कऱ्हाटीतलं सासरचं अंगण दिसतं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. देवी टोचायला सरकारी जीप आली, तशी सासऱ्यांनी घाईनं म्हैस आणून जमिनीतल्या धान्याच्या पेवावर बांधली.

"आबा, टोचायला आल्यात ती," पदराआड हसत मी म्हणाले.

"लढाई साहेबाची हुती, तवाबी अशीच जीप आली. जवारी आमची गेली."

डॉक्टर म्हशीकडं बघून हसला. "आमच्या गावी पेवावर कडब्याची गंजी रचतात, आबा."

आबाही हसले. जीप गेल्यावर मात्र त्यांनी अख्खं पेव उपसलं आणि ज्वारी दुसरीकडं पुरली.

तेव्हा मला ते खूळ वाटलं. आता जनगणनेवाले आले, तरी मी आधी पोत्यावर चादर टाकते, मगच कडी काढते.