पुलाचं प्रकरण

तपासणीच्या खुर्चीत लहान मुलं स्वस्थ बसत नाहीत. म्हणून चष्मेवाल्या बाई त्यांना गोष्ट सांगायच्या. एका डोळ्याचा नंबर निघेपर्यंत वेढ्यात सापडलेल्या शहरातलं पाणी संपत आलेलं असायचं आणि पुढे काय झालं ते दुसरा डोळा तपासताना कळायचं. मुलं हनुवटी टेकवून गुपचूप बसायची. कुणी तरी म्हणालं, बाई, हे लिहून काढा की. बाईंनी ते मनावर घेतलं. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा छापखाना होता त्या प्रकाशकांनी त्यांची दोन पुस्तकं काढली, दोन्ही लढायांची, दोन्ही शाळकरी मुलांसाठी, आणि दोन्ही बऱ्यापैकी खपली.

तिसरं पुस्तक मात्र त्यांच्याच गावच्या लढाईचं होतं. गावाला नदी होती आणि पलीकडच्या काठावर तेव्हा शत्रू येऊन ठेपला होता. शत्रूने पूल उडवला, तरी आपल्या फौजेने गाव राखलं, असं गावातलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं. बाईंच्या पुस्तकात नववं प्रकरण पुलाचं होतं. त्यात पूल आपल्याच फौजेने उडवला होता, आणि तोही पलीकडची माणसं जीव मुठीत घेऊन अलीकडे येत असताना.

बाईंना हे सांगितलं होतं त्यांच्या सख्ख्या मामांनी. मामांना मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यापासून ते दुकानामागच्या खोलीत राहायचे. विशीत ते फौजेत होते, त्या लढाईतही होते, एवढंच घरात माहीत होतं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पट्टी बांधलेली असताना, बाई औषध टाकायला गेल्या तेव्हा, ते आपणहून बोलले. शेवटी म्हणाले, "नाव नको कुठे माझं." बाईंनी ते कानाआड केलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

त्याच सुमारास पालिकेने नदीकाठी त्या लढाईचं स्मारक बांधायला घेतलं. निवडणूक तोंडावर होती. शिक्षण समितीच्या सभापतींनी पुस्तक न वाचताच जाहीर करून टाकलं की, स्मारकाच्या उद्घाटनाला ते गावातल्या सगळ्या शाळांना वाटायचं. प्रकाशकांना आभाळ ठेंगणं झालं. मग छपाईआधीची प्रत सभापतींच्या हाती पडली.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सभापती आत आले आणि त्यांच्या मागोमाग बाईंचे यजमान. ते पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. भर कामाच्या वेळी सभापतींनी त्यांना टेबलावरून उठवून सोबत आणलं होतं. का, ते सांगायची गरज नव्हती.

"पुस्तक झकास आहे, बाई," सभापती खुर्ची ओढून बसले. "माझी नात हातातून ठेवायला तयार नाही. फक्त ते नववं प्रकरण."

"काय झालं त्याला?"

"एक शब्द आहे. 'आपल्या फौजेने' आहे तिथे 'शत्रूने' करा. बाकी कानामात्रा बदलू नका."

"त्या एका शब्दाने सगळंच फिरतं, साहेब."

"फिरू दे ना. कादंबरी आहे ती. तुम्हीच पहिल्या पानावर छापलंय." सभापतींचा आवाज चढला नव्हता. "बारा-तेरा वर्षांची पोरं. त्यांनी आधी आपल्या माणसांवर विश्वास ठेवायला शिकावं. आपल्याच लोकांनी माणसांसकट पूल उडवला, हे त्यांच्या डोक्यात कशाला भरवायचं? आणि तुम्हाला सांगितलं कुणी हे?"

बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि समोरच्या चष्म्याच्या काडीचा मुळातच घट्ट असलेला स्क्रू आवळायला घेतला.

"सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

यजमानांना ती शांतता सोसवेना. वातावरण जरा सैल करावं म्हणून ते बोलून गेले, "मामांनाच विचारू या की. ते होते त्या लढाईत."

बाईंच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. सभापती मात्र खुलले. "अरे, त्यांना आमंत्रण द्यायलाच तर आलोय मी. त्या पलटणीतले गावात ते एकटेच उरलेत. स्टेजवर बसवायचंय त्यांना. बोलवा, बोलवा."

बोलवायची वेळच आली नाही. मागच्या खोलीचा पडदा बाजूला झाला आणि मामा भिंतीचा आधार घेत बाहेर आले. बाहेरचं सगळं त्यांना आत ऐकू गेलं होतं.

"मामा, आता तुम्हीच सांगा तुमच्या भाचीला," सभापती उठून उभे राहिले. "पूल कुणी उडवला?"

"मी," मामा म्हणाले.

"तसं नाही, मी विचारतोय की पूल..."

"तेच सांगतोय. सुरुंगाची कळ मी दाबली. आमच्या साहेबांनी हात खाली केला आणि मी दाबली. पुलावर माणसं होती."

रस्त्यावरून एक मोटार गेली. काचेच्या कपाटातल्या फ्रेमा थरथरल्या आणि थांबल्या. सभापतींनी मामांकडे पाहिलं नाही. ते यजमानांकडे वळले आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशा आवाजात म्हणाले, "वय झालंय. होतं असं. कार्यक्रमाला आणून उगाच दगदग नको त्यांची, घरीच असू द्या. आणि त्या शब्दाचं सोमवारी कळवा." पायरीवर त्यांनी मागे वळून विचारलं, "पाणीपुरवठ्यात किती वर्षं झाली हो तुम्हाला?" उत्तराला थांबले नाहीत.

यजमान दारातच उभे होते. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी आपला वेड्यासारखा त्यांनाच पुढे करतोय." ते ऑफिसला परत गेले.

मामा तपासणीच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. "वाच ते मला," ते म्हणाले. बाईंनी आजवर ते प्रकरण त्यांना वाचून दाखवलं नव्हतं, धीरच झाला नव्हता. आता पर्याय नव्हता. त्या वाचत असतानाच त्यांची तेरा वर्षांची मुलगी शाळेतून आली आणि दप्तर पायाशी टाकून खुर्चीत बसली. पुस्तकाचा खर्डा सगळ्यांत आधी तिच्याच हाती पडायचा. काही कंटाळवाणं झालं की ती तोंडावर सांगायची. मामांचा त्या गोष्टीशी काय संबंध, हे तिला ठाऊक नव्हतं.

प्रकरणाच्या शेवटी तो तरुण शिपाई कळ दाबतो आणि गवतात गुडघ्यांवर बसून हमसून हमसून रडतो. तिथे मामांनी हात वर केला.

"हा का रडतो?"

"मुलं वाचणार आहेत, मामा. तोही माणूसच आहे, हे त्यांना कळायला हवं."

"माणूसच होतो मी. पण रडलो नाही. काम चोख झालं म्हणून बरं वाटलं. साहेबांनी पाठ थोपटली. मग आम्ही जेवलो. मी दोनदा वाढून घेतलं. आणि झोप लागली, चांगली गाढ." मामांनी बाईंच्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. "तू त्याला रडवलंस, म्हणजे तो सुटला. पोरांना वाटेल, वाईट काम करताना माणसाला रडू येतं. उद्या त्यांच्यावर वेळ आली आणि रडू आलं नाही, तर त्यांना वाटेल, हे काही वाईट नसणार."

खुर्चीतली मुलगी बघत राहिली. एकदा आईकडे, एकदा मामांकडे. मग तिने हळूच विचारलं, "मामाआजोबा, का दाबलीत?"

"सांगितलं म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. तेव्हा तेवढं पुरायचं."

"माणसं दिसत होती?"

"एक हातगाडी दिसत होती. तिच्यावर गादी बांधलेली. गादी बांधून निघालेत म्हणजे घर सोडून निघालेत, एवढं कळत होतं मला."

मुलगी उठली. दप्तर उचलून ती आत निघून गेली. पुढचे कितीतरी दिवस मामांना पाणी नेऊन द्यायचं काम तिने टाळलं. बाईंनीही तिला बोल लावला नाही.

शनिवार-रविवार बाई ते प्रकरण घेऊन बसल्या. रडणं त्यांनी सहज लिहिलं होतं. जेवण लिहिताना हात अडला. वाढून घेणाऱ्या त्या पोराचा राग येत होता, आणि तोच माणूस पडद्यामागे खोकत होता. हे बारा वर्षांच्या वाचकासमोर ठेवावं का? त्यांनी ते फाडलं, पुन्हा लिहिलं, अर्धं खोडलं. शेवटी तीन-चार साधी वाक्यं उरली. त्यांत कुणाला दोष नव्हता आणि कुणाची सुटकाही नव्हती. त्याआधी, पुलावर, गादी बांधलेली हातगाडीही आली.

घरात यजमानांचा अबोला होता. रविवारी संध्याकाळी बाईच त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"तुम्ही म्हणालात तर पुस्तक छापायलाच देत नाही. पण तो शब्द बदलून देणार नाही."

"म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात."

"नोकरी तुमची आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय ती पणाला कशी लावू?"

"हे आधी विचारायला हवं होतंस. दुकानात तो माणूस येऊन बसायच्या आधी."

"हो," बाई म्हणाल्या. "चुकलंच."

यजमानांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणी तरी वाळत घातलेले कपडे काढत होतं. "छाप," ते म्हणाले. त्यात राग होता, पण माघार नव्हती.

सोमवारी बाईंनी सभापतींच्या कचेरीत जाऊन नकार कळवला. सभापती आत होते, पण बाहेर आले नाहीत. प्रकाशकांनी आधी काखा वर केल्या. मग त्यांनी नवं नववं प्रकरण वाचलं आणि म्हणाले, थोडक्याच प्रती काढतो, बोभाटा करू नका. शाळांचं वाटप रद्द झालं. महिन्याच्या आत यजमानांची बदली झाली, गावाबाहेरच्या पंपावर, पाळीच्या ड्युटीत. काही आयांनी मुलांना बाईंकडे आणायचं बंद केलं. एकीने तर तयार झालेला चष्माही नेला नाही. स्मारकाचं उद्घाटन थाटात झालं. पूल उडवणारा म्हणून पाटीवर शत्रूचंच नाव होतं. लाउडस्पीकरचा आवाज दुकानापर्यंत येत होता आणि मामा खिडकी उघडी ठेवून सगळी भाषणं ऐकत बसले.

पुस्तक मात्र हळूहळू या हातातून त्या हातात फिरलं. मुलं तपासणीला येऊन दबक्या आवाजात विचारायची, तो शिपाई पुढे कसा जगला? बाई म्हणायच्या, हनुवटी टेकव आधी.

आणि एका सकाळी एक बाई आली. साठीच्या पुढची, पलीकडच्या काठावरून आलेली. चष्मा तिला नको होता. नातवाचं पुस्तक तिच्या पिशवीत होतं. तिने ते काउंटरवर ठेवलं, उघडलं नाही.

"हे नववं तुमच्या मनाचं आहे, की कुणी सांगितलंय?"

"का हो?"

"गादी बांधलेली हातगाडी आमची होती. मी आजीजवळ मागे राहिले होते. आई आणि थोरली बहीण पुढे निघाल्या होत्या." तिचे हात पुस्तकावर घट्ट दाबलेले होते. "गादीचं कुणालाच माहीत नाही. तो माणूस आहे अजून?"

पडदा तीन हातांवर होता. त्याच्यामागे मामांचा रेडिओ चालू होता, तो बंद झाला. 'नाही' म्हणायला बाईंना एक शब्द पुरला असता.

"विचारून येते," त्या म्हणाल्या.

आत मामा उभे होते. शर्टाची वरची गुंडी लावायचा प्रयत्न करत होते आणि ती काही केल्या काजात जात नव्हती. बाईंनी ती लावून दिली. "नको वाटत असेल तर मी सांगते तिला," त्या म्हणाल्या. मामांनी नकारार्थी मान हलवली. "तिला आत पाठव," ते म्हणाले, "आणि तू बाहेर थांब."

बाई काउंटरपाशी थांबल्या. आवाज चढेल, काही फुटेल, रडणं ऐकू येईल, म्हणून त्या कानांत प्राण आणून उभ्या होत्या. तसलं काहीच झालं नाही. आधी बराच वेळ तीच बोलत होती, मग मामा, तुटक तुटक. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा होता. पिशवी उचलून ती निघून गेली. पुस्तक काउंटरवर तसंच राहिलं.

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. काय बोलणं झालं, ते बाईंनी विचारलं नाही, आणि त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. संध्याकाळी मुलीने आपणहून पाण्याचा तांब्या आत नेला आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या आठवड्यात ती बाई परत आली. बाईंना वाटलं, पुस्तक न्यायला आली असेल. तिने ते पिशवीत टाकलं, क्षणभर घोटाळली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "बसू का थोडा वेळ त्यांच्याजवळ?"