माडग्यात साखर

धर्मापुरीजवळच्या जाईबाईचं डोकं उठलं ते तिच्या नवऱ्यामुळे. सहकारी साखर कारखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. सर्जेराव सभासद. भर बैठकीत सांगून आले, "आमच्या घरी पाककृतीची वही हाय, घ्या की."

"मला इचारलं व्हतं का?"

"वहीच तर हाय. त्यात काय इचारायचं?"

ही वही तिनं बहात्तरच्या दुष्काळात लिहायला घेतली होती. जाईबाई चौथी शिकलेली, घरात नवी सून. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आल्यावर सासू, बायनाबाई, चुलीपुढं बसून सांगायची आणि ही लिहायची. रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, थापताना तुटायचा. पीठ उकळत्या पाण्यात मळलं तर भाकरी धरते, हे सासूनं कितीतरी भाकरी वाया घालवून शोधलं होतं. हुलग्याच्या पिठाची पेज, म्हणजे माडगं, किती पातळ केलं म्हणजे सगळ्यांना पुरतं, कोणत्या बाळंतिणीला काय मानवलं, सगळं वहीत होतं.

स्मरणिकेचं काम राधाकिशनकडं होतं. वही चाळून तो म्हणाला, "वैनी, आनंदाच्या अंकात दुष्काळ कावून? जरा गोडधोड लिवा."

"खाल्लं असतं तर लिवलं असतं. छापायचं तर हाय तसं छापा. आन् सासूबाईंचं नाव घाला."

"घालतो की!"

अंक आला. माडग्यात वाटीभर साखर! मिलोच्या भाकरीतसुद्धा चिमूटभर. खाली नाव 'सौ. सर्जेराव'. बायनाबाईचा पत्ता नाही.

"छापलंय आता. कुठं डोकं लावती?" सर्जेराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारची भामाबाई पातेलं घेऊनच आली. "जाईबाई, हे काय सांगितलंस? पोरांनी तोंडात धरलं न्हाई!"

जाईबाईनं पेन उचललं आणि ज्या ज्या घरात अंक गेला होता तिथं जाऊन साखर खोडू लागली. तिथंही सुख नव्हतंच.

"आमच्यात लसूण जास्त घालत्यात. तसं लिव," भामाबाई म्हणाली.

"अगं, हे माझ्या सासूचं हाय!"

"मंग आमच्या सासूनं काय उपाशी ठेवलं व्हतं आमाला?"

कपाळावर हात मारून जाईबाईनं हातातल्या स्वतःच्या अंकात कडेला भामाबाईच्या सासूचं माडगं लिहिलं. पुढच्या घरी तेच. चार ओळी खोडायला गेलेली बाई दुपार झाली तरी लिहीतच होती. पाय दुखत होते, पेन अडकत होतं, आणि दर घरात आधी भांडण.

शेवटी छबुबाईचं घर. छबुबाई खडीवर तिच्याच टोळीत होती. अंकाकडं बघून म्हणाली, "हुलगे तुमच्याकडं व्हते, जाईबाई. आमच्या आईनं ज्वारीच्या कण्या शिजवल्या, त्याबी दिवसाआड. त्यात मीठ असलं तर असलं."

एकाच टोळीत खडी फोडूनही जाईबाईला हे माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं. ती खाली बसली.

"सांग," ती म्हणाली. "पाणी किती?"

तिच्या अंकात जागा उरली नव्हती, म्हणून छबुबाईनं कॅलेंडरचं पान फाडून दिलं.

आठवड्यानं राधाकिशन तक्रार घेऊन आला. "वैनी, गावभर अंकात खाडाखोड केली म्हणं तुमी?"

"खाडाखोड तुमी केली. मी सरळ केलं. उरलेले अंक आणून टाका हितं."

उरलेले लई होते. कुणी नेतच नव्हतं. त्यानं दोन गठ्ठे खुशीनं पाठवले. ते ओसरीत बघून जाईबाईला रडावं की ओरडावं कळेना. मग तिनं ओरडायचंच ठरवलं, आणि सर्जेरावांच्या हातात पेन दिलं.