चित्रात कडेला बसलेला पावणा

पारावरच्या गड्यांनो, दरवेळी मी कोल्हापुरातून महाराजांच्या हत्तीघोड्यांचं कळवतो. आज आमच्या चौकटीच्या दुकानातलीच गंमत ऐका. माझं हसू अजून थांबत नाही.

सकाळी कोडोलीचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. पुठ्ठ्यावर डकवलेल्या कापडावर त्याचं रंगीत चित्र होतं, पण गडी पार डाव्या कडेला बसलेला. उजवीकडं नुसती भिंत.

आमचे मालक दस्तगीरचाचा म्हणाले, "पावणं, असं चौकटीत बरं दिसणार न्हाय. उजवीकडचं कापतो, मग तुमी बरोबर मधी येताय."

"कापा की!" शेतकरी म्हणाला.

मला तर दम निघतच नाही. लगेच सुरी टेकवली, तेवढ्यात दारातनं त्याची बायको ओरडली, "आरं लेकरा, थांब! ती माझी जागा हाय!"

शेतकरी चकित झाला. "मग चितारी बोलवत हुता तवा का पळालीस?"

"सगळी आळी बघत हुती की! पर आता तुमी एकटंच बसल्यालं बघवंना. मी बसते."

चाचांना हसू आवरेना. आम्ही काही न कापता पुऱ्या मापाची चौकट केली आणि मागचे खिळे सैल ठेवले, म्हणजे चित्र काढून पुन्हा चिताऱ्याकडं देता येईल. बाईनं नवऱ्याला तिथनं थेट लुगड्याच्या दुकानात नेलं.

आता सांगा, तुमच्या घरी चितारी आला तर कोण लाजून पळेल? पळू दे खुशाल, पण चिताऱ्याला त्याच्यापुरती जागा मोकळी ठेवायला सांगा.