सिकॅमोरचा रस आणि माझे तीन स्वेटर

निघताना बॅगेत तीन जाड स्वेटर भरले होते. त्यांतला एकही अंगात घालावा लागला नाही. एरवी याचा मला आनंद झाला असता.

माझा थोरला भाऊ ब्रिस्टलला राहतो. विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होता, आता निवृत्त झालाय, आणि वहिनी गेल्यापासून एकटाच आहे. जानेवारीअखेरीला ये म्हणून तो फोनवर मागे लागला होता. मी म्हटलं, "दादा, तुमची ती थंडी मला सोसत नाही. थंडी ओसरली की येते." तो म्हणाला, "चालेल, सावकाश ये." दादा एकदा ‘चालेल’ म्हणाला की आमच्या घरात विषय संपतो. मी एप्रिलचं तिकीट काढलं.

हीथ्रोहून कोचने (लांब पल्ल्याच्या बसने) ब्रिस्टल गाठलं. बाहेर लख्ख ऊन होतं, मेंढ्यांची पिल्लं कुरणात उंडारत होती. शेजारच्या सीटवरच्या आजीबाई म्हणाल्या, "अगदी योग्य वेळी आलात. थंडी गेलीच म्हणायची." मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दादाच्या किचनमध्ये पाऊल टाकलं आणि चक्रावलेच. ओट्यावर पारदर्शक नळ्यांची वेटोळी, कॅरव्हानमधून काढलेला पाण्याचा छोटा पंप, गाडीची बॅटरी आणि मधोमध वहिनीचा जुना कुकर. शिट्टीच्या जागी एक नळी, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी दुसरी.

"दादा, आमटी करायचीय की रॉकेट उडवायचंय?"

"मेपल सिरप करायचंय," तो म्हणाला. "म्हणजे आपल्याकडे मेपल नाही, सिकॅमोर आहेत, पण फॅमिली एकच. झाडाला बारीक भोक पाडायचं, तोटी बसवायची, येईल तो रस आटवायचा. डोंगरउतार असता तर रस नळीतून आपोआप आला असता. झाडं आहेत तिथे जमीन फ्लॅट आहे, सक्शन द्यावं लागतं. रेडीमेड सिस्टिम फार महाग, म्हणून घरचीच केली. पंप कुकरमधली हवा ओढणार आणि कुकर झाडातला रस."

"पण कुकर कशाला?"

"याचं झाकण बाहेरून बसतं. हवा ओढली की आणखी घट्ट होतं. तुझ्याकडचं आतून बसणारं झाकण इथे ढिलं होऊन पडेल." मग म्हणाला, "हिला सिरप फार आवडायचं. पॅनकेकवर इतकं घ्यायची की मी ओरडायचो."

दुसऱ्या दिवशी सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून आम्ही वेल्समध्ये शिरलो. वाटेत पेस्टी (मांस किंवा बटाट्याचं सारण भरलेली मोठी करंजी) घेतली. माझी अर्थात बटाट्याची, आणि तिखटाच्या नावाने शून्य. झाडं होती मार्गारेटच्या शेताच्या बांधावर. मार्गारेट ही दादाची तिथली जुनी ओळख, पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. शेत विकून ती बेसिंगस्टोकला मुलीकडे राहायला निघाली होती. नवा मालक तिथे घोड्यांचे तबेले बांधणार होता आणि बांधावरची सगळी झाडं तोडणार होता. म्हणजे दादाचा हा पहिला हंगाम तोच शेवटचा.

मी उसन्या वेलीज (गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट) घालून चिखलातून चालत होते. नळ्या झाडांपर्यंत आधीच ओढून ठेवलेल्या होत्या. एके ठिकाणी खारीने कुरतडली होती, तेवढा तुकडा दादाने कापून सांधला. कुकरला नळ्या बसवलेल्या भोकांभोवती मी घट्ट कणीक थापली, बिर्याणीच्या पातेल्याला थापतात तशी. मग दादाने पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला.

"फोड. तुझ्या हातून मुहूर्त."

आमच्या घरात नवं काही सुरू करायचं तर नारळ बहिणीने फोडायचा. आईने पाडलेला रिवाज. मी दगडावर नारळ आपटला. आत सगळा काळा, पाण्याला आंबूस वास.

"कधी आणला होतास रे?"

"जानेवारीत," तो म्हणाला, आणि तोटी ठोकायला वाकला.

मार्गारेट कौतुकाने बघत होती. मला म्हणाली, "मी याला फेब्रुवारीतच म्हटलं होतं, आता सुरू कर. रात्री बर्फ, दिवसा ऊन, तेव्हाच रस वाहतो. पण हा ऐकेना. म्हणाला, माय सिस्टर हॅज टु ओपन इट."

मी वर पाहिलं. फांद्यांच्या टोकाटोकाला हिरव्या कळ्या फुगल्या होत्या, काहींतून पानंही डोकावत होती. सबंध थंडीभर हे सगळं तयार करून तो माझी वाट बघत बसला होता, आणि मी थंडी संपण्याची. मला इतकं वाईट वाटलं की त्या नासक्या नारळाची भकलं हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

पंपाने मात्र चोख काम केलं. घरघर सुरू झाली, झाकण घट्ट बसलं, नळ्यांतून बुडबुडे धावले आणि मागोमाग रस आला. एरवी त्या दिवसांत थेंबही पडला नसता. दादा बॅटरीपाशी उकिडवा बसून एकटक बघत होता. रस पाण्यासारखा नितळ असतो म्हणे. आमचा पिवळट, गढूळ होता.

घरी आणून दुसऱ्या दिवशी परसात चूल मांडून आम्ही तो दिवसभर आटवला. बादलीभराचा जेमतेम वाटीभर उरला. संध्याकाळी दादाने पॅनकेक केले. पहिला घास घेतला आणि कळलं. सुरुवातीला किंचित गोड, मग शिजून गेलेल्या कोबीचा वास आणि घशाशी रेंगाळणारा कडूपणा.

"कळ्या फुटल्या की असंच होतं," तो म्हणाला. "पंपाने रस खेचता येतो, चव नाही खेचता येत."

"दादा, फोनवर का नाही सांगितलंस? तीन स्वेटर होते माझ्याकडे. आले असते मी."

"तुला थंडी सोसत नाही ना, सुमे." आणि त्याने आणखी चमचाभर आपल्या पॅनकेकवर घेतलं. मग मीही घेतलं.

परतताना उरलेलं सिरप त्याने छोट्या बरणीत भरून माझ्या बॅगेत स्वेटरांच्या मधोमध ठेवलं, फुटू नये म्हणून. पुण्यात आल्यावर लोकांनी विचारलं, ट्रिप कशी झाली, हवा कशी होती. हवा छान होती, एवढंच मी सगळ्यांना सांगते.

यंदा जानेवारीत दादाचा फोन आला. तिकडे कडाक्याची थंडी पडली होती, रात्री सगळं गोठत होतं आणि दिवसा स्वच्छ ऊन. "अगदी रसाची हवा आहे," तो म्हणाला. झाडं तोडल्याला तोवर कितीतरी महिने झाले होते. मी म्हटलं, "दादा, मी येऊ का आत्ता?"

"आत्ता कशाला," तो म्हणाला. "थंडी आहे फार. सावकाश ये."

या वेळी मी त्याचं ऐकलं नाही. फोन ठेवला आणि माळ्यावरून स्वेटर काढले.